कॅनोपी मीच धुणार!

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

विकणार नाही. नाही म्हणजे नाही! इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच ढिली पडले तर हे पान मलाच दाखवता येईल.

सकाळी सदर भागातला विक्की येऊन गेला. केकचं दुकान आहे त्याचं, डिलिव्हरीसाठी बंद छताची पिकअप पाहिजे. ह्यांनी बोलावलं होतं — मला न विचारता! मी वरच्या खिडकीतून पाहून राहिले होते. त्याने माझ्या कॅनोपीवर एक बोट ओढलं, काळं झालेलं बोट पँटला पुसलं आणि म्हणाला, "अंकल, गाड़ी तो ठीक है, पर ये ऊपर का डिब्बा कबाड़ है. उतारके फेंकना पड़ेगा." आणि हे काय म्हणाले? "देख लो भैया, जैसा ठीक लगे."

डिब्बा! कबाड!

तो डिब्बा म्हणजे माझं दुकान आहे. पिकअपच्या पाठीवर फायबरचं पांढरं छत, दोन बाजूंना सरकत्या काचा, मागे वर उघडणारं दार. आत बाबांनी स्वतः बनवलेले लाकडी खण — शटल, बॉबिन केस, सुया, पट्टे, स्क्रू. सोळा वर्षं मी ह्या गाडीतून शिलाई मशिनी दुरुस्त करत फिरले. मंगळवारी शहपुऱ्याचा बाजार, शुक्रवारी पनागरचा. स्वतः चालवत.

पाच महिने ती अंगणात जांभळाखाली उभी आहे, कारण पाच महिने मी आडवी होते. जूनमध्ये ऑपरेशन, मग दसऱ्यापर्यंत कीमो. कॅन्सर. डावा स्तन काढला. मुद्दाम ठळक अक्षरात लिहिते, कारण ह्या घरात हे दोन्ही शब्द कोणी उच्चारत नाही. बाहेर सगळ्यांना सांगितलंय की पित्ताशयात खडे होते. कुंदावहिनींनी ठरवलं. माझ्या थोरल्या जाऊबाई. खाली त्या आणि सूर्यकांतदादा, वर आम्ही दोघं. "लोकांना काहून सांगायचं, इंदू? एकदा बोललं की ते घरालाच चिकटतं." मी तेव्हा गुंगीत होते. हो म्हटलं असेल.

गाडीचं मात्र मी शुद्धीत सांगून राहिले. नाही!

४ नोव्हेंबर

नळाखाली बादली भरली. हे धावत आले, हातातून घेतली. "डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलंय." बरोबर आहे. मग तांब्या घेतला. नळ ते गाडी — अकरा खेपा.

५ नोव्हेंबर

हॉस्पिटलमध्ये शिवांगीकडे जाऊन आले, फिजिओथेरपीवाली. माझा डावा हात खांद्याच्या वर जातच नाही. काखेत कोणीतरी दोरी बांधून ठेवल्यासारखी ओढ. ती म्हणाली, "आंटीजी, दीवार के सामने खड़े होकर उँगलियाँ ऊपर चलाइए. रोज़ थोड़ा ज़्यादा." विचारलं, भिंतच पाहिजे का? गाडीला हात टेकला तर? हसली. ओलं फडकं फिरवलेलं चालेल म्हणाली, बादली नाही. हातमोजा घालायचाच. त्या हाताला ओरखडा नको, चटका नको, सूज आली की थांबायचं.

आणि गाडी चालवणं? गियर तर डाव्याच हाताला! "डॉक्टर से पूछकर, आंटीजी. जब बिना दर्द के घूमे तब."

नाही असं म्हणाली नाही. मी तेवढंच ऐकून आले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पनागरचा दिवस. होता.

आज नीट हात घातला. काय अवस्था आहे! छतावर पक्ष्यांची घाण वाळून सिमेंट झालेली. बाजूंवर जांभळाचे डाग, वाईनच्या बाटल्या फोडल्यासारखे. खालच्या कडेला हिरवं शेवाळ. खिडक्यांच्या पन्हाळीत कुजलेली पानं, काच सरकायला तयार नाही.

हे म्हणाले, "कपड्याच्या साबणाने घासून टाकू, भांड्याची तारेची घासणी आहे न." मी ओरडले! फायबरची चमक एकदा गेली की परत येत नाही. कॅनोपी बसवणाऱ्या मिस्त्रीने तेव्हा बजावलं होतं, मी सोळा वर्षं पाळलं. आधी नुसतं पाणी, धूळ वाहून जाऊ द्यायची. मग पाण्यात थोडा शाम्पू आणि मऊ फडकं. घाण खरवडायची नाही, त्यावर ओलं फडकं ठेवून द्यायचं, दहा मिनिटांनी आपोआप सुटते. काच कोरडी कधी पुसायची नाही.

डाव्या बाजूचं मी डाव्याच हाताने पुसलं. मोजा घालून. जिथवर हात पोचला तिथे टेलरच्या निळ्या खडूने रेघ मारली. खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत. बस, एवढंच! छत अजून दीड हात वर.

कुंदावहिनी ओट्यावरून: "इंदू, आत ये न. ओढणी तरी घे अंगावर! लोक पाहून राहिले."

आतून लावायचं ते पॅड मी घालत नाही. घामाने टाक्यांची जागा चुरचुरते. एका बाजूला कुर्ता सपाट पडतो, पडू दे.

"पाहू द्या, वहिनी."

८ नोव्हेंबर

अंग ठणकून राहिलं. काही केलं नाही. खिडकीतून पाहिलं — अर्धी पांढरी, अर्धी जांभळी. माझ्यासारखीच एका बाजूने.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मागचं दार उघडलं. उघडलं नसतं तर बरं होतं.

पाऊस आत शिरलाय. पूर्ण चातुर्मास शिरत होता आणि कोणी एकदा उघडून पाहिलं नाही. कॅनोपी आणि गाडीच्या मध्ये रबराची पट्टी असते, ती सुकून तडकली, तिथून पाणी. बाबांचे खण फुगून बसलेत. सुयांचा खण उचकटला तर सगळ्या सुया गंजून एकमेकींना चिकटलेल्या, तांबडा गोळा. बॉबिन केस अठ्ठावीस होत्या. नऊ वाचल्या.

गाडीतच बसून रडले. ऑपरेशनला रडले नव्हते, केस गेले तेव्हाही नाही. सुयांसाठी रडले!

वर दार धरून ठेवणारा एक शॉकरही मेलाय. रडतानाच दार धाडकन पाठीवर आलं. त्यालाही आताच सुचलं!

हे आले, दाराखाली बांबू लावला, बाजूला उभे राहिले. "म्हणून म्हणतो इंदू, देऊन टाकू. कशाला त्रास करून घेतेस."

"त्रास मी करून घेतला नाही. तो झाला."

संध्याकाळी न सांगता बाजारात गेले आणि गंजाचं तेल घेऊन आले.

१३ नोव्हेंबर

खण उन्हात. रेघ खिडकीच्या मध्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बोलले. मोठ्याने, दिवसाढवळ्या, फाटकात उभं राहून.

समोरची माधवी आली होती. बँकेत आहे, गेल्या वर्षी बदलीवर पुण्याहून आली. मी खिडकीची पन्हाळ जुन्या टूथब्रशने साफ करत होते. ती म्हणाली, "काकू, काय चकाचक केलीत हो! आणि आता खड्यांचा त्रास नाही ना? माझ्या आईचंही पित्ताशय काढलंय, तिला तेलकट अजिबात चालत नाही. तुम्हाला चालतं?"

कुंदावहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी सांगितलं — चालत नाही म्हण.

मी म्हटलं, "खडे नव्हते ग. कॅन्सर होता. डावा स्तन काढला. तेलकट सगळं चालतं मला."

माधवीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने फाटक उघडलं, आत आली आणि माझा ओला हात धरला. बरं केलं.

मागे वहिनी ताट उचलून आत गेल्या. तांदूळ अर्धे ओट्यावरच.

काय हलकं वाटून राहिलं! आभाळ कोसळलं नाही. दूधवाला आला, दूध देऊन गेला.

१७ नोव्हेंबर

वहिनी बोलत नाहीत. भाजीची वाटी वर आली नाही. चाळीस वर्षांची पद्धत ह्या घरची, एका चुलीवरचं दुसऱ्या चुलीवर जातं. मी आमच्याकडची पाठवली. झाकण न काढता परत आली.

२० नोव्हेंबर

नवी रबराची पट्टी आणली. जुनी काढली, खालची खाच रॉकेलच्या बोळ्याने स्वच्छ केली, कोरडी केली, मग नवी दाबत दाबत बसवली. दाबायचं काम ह्यांचं, बघायचं काम माझं. आतल्या क्लॅम्पचे नट सैल झाले होते, तेही आवळले.

गळतं का पाहायला पाणी मारायचं आणि आत कोणीतरी बसायला पाहिजे. हे टॉर्च घेऊन आत बसले! एकोणसाठ वर्षांचा माणूस, गुडघे पोटाशी. मी माधवीकडून आणलेला पाइप बाहेरून धरला.

"टपकून राहिलं! इथे — अग, माझ्या डोक्यावर!"

"खूण करा!"

"कशाने?"

"खडू आहे न तिथे, समोरच्या खणात!"

मी पाणी बंद केलं. काच सरकवून आत पाहिलं. टक्कल ओलं, हातात निळा खडू, आणि खूण न करता तसेच बसलेले. मग तिथूनच म्हणाले — अंधारात बसल्यावर माणसाला बोलता येत असावं —

"मला वाटलं, गाडी डोळ्यासमोर राहिली तर तुला रोज आठवेल. की आता होत नाही."

"होत नाही कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी घाबरलो होतो, इंदू. तू ऑपरेशनला आत होतीस तेव्हा मी बाहेर बसून हाच विचार केला, हिला आता कुठे जाऊच द्यायचं नाही. गाडीच नको."

तीस वर्षांत हे इतकं बोलले नव्हते. म्हटलं, "खूण करा आधी. मग घाबरा."

हसले. मग आम्ही दोघंही हसत सुटलो. कोपऱ्यातली पट्टी परत काढून बसवली. दुसऱ्यांदा पाणी मारलं — थेंब नाही!

२३ नोव्हेंबर, रविवार

विक्की परत आला. ह्यांनी बोलावलं नव्हतं, आपणहूनच. कॅनोपीभोवती दोन फेऱ्या. कालच सावलीत उभी करून पॉलिश केलंय (उन्हात केलं की डाग पडतात). नवे शॉकर बसलेत, दार एका बोटाने वर जातं आणि वरच राहतं. जांभळाचे दोन डाग गेले नाहीत, न गेले तर न गेले.

"आंटी, ये तो वही गाड़ी है? छत के साथ ही ले लूँगा. बोलिए."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहत म्हणाले, "गाड़ी इनकी है भैया. इनसे पूछो."

"नहीं बेचनी," मी म्हटलं. "और डिब्बा नहीं, कॅनोपी बोलते हैं इसको."

२६ नोव्हेंबर

पोचला! छतावर हात पोचला. डावा. चवड्यांवर उभी राहिले हे खरं, पण तळवा पूर्ण टेकला. गार होतं छत, दवाने ओलं. काख ओढली, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी हात खाली घेतला नाही. मनात वीसपर्यंत मोजलं.

मग तिथेच फडकं फिरवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं चालवा. सोबत कोणी असू दे. मला परत परत वाचायचंय म्हणून दुसऱ्यांदा लिहिते — थोडं थोडं चालवा!

लगेच एक फेरी मारून पाहिली. तिसऱ्या गियरला दुखतं. चौथ्याला नाही. म्हणजे लवकर चौथा टाकायचा.

२ डिसेंबर, मंगळवार

शहपुरा!

हे बाजूला बसले, पूर्ण रस्ता हँडब्रेककडे पाहत. एकदा गाडी बंद पडली, मागून ट्रकवाल्याने शिव्या दिल्या. कानाला गोड लागल्या.

आपल्या नेहमीच्या जागी लावली. मागचं दार वर केलं. पहिला अर्धा तास कोणी नाही. मनात आलं, सहा महिन्यांत विसरल्या, दुसरा कोणी मिस्त्री शोधला असेल. मग गेंदाबाई आली, डोक्यावर मशीन. "दीदी! कहाँ मर गई थीं तुम?" मागे आणखी दोघी. मग रांगच.

गेंदाबाईने माझ्या डोक्यावरच्या बोटभरही नसलेल्या केसांकडे पाहिलं. मग कुर्त्याकडे. तिने सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. मग एक म्हणाली, तुला कळलं कसं?

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या. लवकर येऊ नका.

काचा सरकवल्या, दार खाली घेतलं. चार बायका आत, मशिनींच्या मध्ये, मांडीला मांडी लावून. मी कुर्ता वर केला. दाखवलं. एकीने हलक्या बोटाने व्रणाला हात लावला, जसा आपण शिवणीला लावतो, पक्की आहे का पाहायला. मग मी सांगितलं — तीन बोटं अशी, गोल फिरवायची, काखेपर्यंत जायचं, महिन्यातून एकदा. गाठ दुखत नाही म्हणून सोडायची नाही. माझी दुखली नव्हती.

गेंदाबाई म्हणाली, "किसी ने बताया ही नहीं आज तक."

सात मशिनी दुरुस्त केल्या. हात सुजला नाही.

४ डिसेंबर

परतताना ह्यांना सगळं सांगितलं होतं, आणि ह्यांच्या पोटात काही राहत नाही. सूर्यकांतदादांना सांगितलं, दादांनी वहिनींना.

वहिनी वर आल्या. अठरा दिवसांनी पहिल्यांदा. उभ्या उभ्याच —

"बाजारात कपडे काढून दाखवलेस म्हणे! लाज कुठे विकलीस?"

"बाजारात नाही. कॅनोपीत. बायकांना."

"काहून? कोणी विचारलं होतं तुला?"

"हो. विचारलं होतं."

"त्या बिचाऱ्या आता रोज अंग चाचपडत बसतील. भीती घालून आलीस तू त्यांना! माहीत नसतं तोवर माणूस जगतो, इंदू. दोन घास खातो, झोपतो. माहीत झालं की संपलं."

मीही चढले. म्हटलं, "माहीत झालं म्हणून मी तुमच्यासमोर उभी आहे, वहिनी! नसतं झालं तर फोटोला हार घालून बसला असता सगळे."

त्या पांढऱ्या पडल्या. जिना उतरताना कठडा धरला होता.

मी माफी मागणार नाही. एवढं लागण्यासारखं काय बोलले मी? खरं तेच बोलले. नाही मागणार.

५ डिसेंबर, शुक्रवार

पनागर. पाच मशिनी. तिथेही दार खाली घेतलं, तिथेही सांगितलं. वहिनींना कळायचं तर कळू दे!

येताना धुळीचा रस्ता, कॅनोपी परत मातीची. घरी येऊन लगेच धुतली. वहिनी ओट्यावर होत्या. आज ओढणी घे म्हणाल्या नाहीत. माझा हात वर जाताना पाहत राहिल्या, फडकं थांबेपर्यंत.

८ डिसेंबर, सोमवार

दुपारी कुंदावहिनी वर आल्या. दार लावलं, कडी घातली. मला वाटलं, परत भांडण. पदर बाजूला केला, माझा हात धरला आणि उजव्या बाजूला नेऊन ठेवला.

गाठ. सुपारीएवढी, टणक.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून."

माझी कळायच्या कितीतरी आधीपासून. मी आत आडवी होते, त्या रोज पेज घेऊन यायच्या, समोर बसायच्या — आणि ही घेऊन बसायच्या. दादांनाही माहीत नाही.

मी ओरडणार होते. ओरडले नाही. जवळ बसवलं.

उद्या सकाळीच हॉस्पिटलमध्ये नेते. जाताना दारात थांबल्या, म्हणाल्या, "तिथे तूच बोल इंदू. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही."